"साहेब, तपासणी हाय का?" : शाळेत संशोधन करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

शाळेवर समाजशास्त्रीय संशोधन करायचं ठरलं की विषय, उद्दिष्टं, गृहीतकं यांवर महिनोन्‌महिने डोकं चालतं आणि प्रत्यक्ष शाळेत पाऊल कसं टाकायचं याला अर्धं पान मिळतं. खरी गाडी अडते ती तिथंच. शाळेत तुम्ही कोणाचा हात धरून शिरलात, यावर मुलं आणि शिक्षक तुम्हाला काय सांगणार हे बरंचसं ठरतं. साहेबांच्या गाडीतून उतरलात तर साहेबांना द्यायची उत्तरं मिळतील. पुढचं सगळं कोल्हापूर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. एम.ए.चा लघुप्रबंध असो वा पीएच.डी., पायऱ्या त्याच.

१. शाळा कोणाची आहे ते आधी काढा

पाटीवरून कळत नाही. 'विद्यामंदिर', 'कुमार विद्यामंदिर', 'कन्या विद्यामंदिर' अशी नावं आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळांना असतात, पण खासगी संस्थांच्या शाळाही 'विद्यामंदिर' लावतात. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (देशातल्या प्रत्येक शाळेला मिळणारा ओळख क्रमांक) घ्या (महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो) आणि व्यवस्थापनाचा प्रकार तपासा. परवानगी कोणाकडं मागायची ते त्यावर ठरतं.

- जिल्हा परिषद शाळा: शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग तालुक्याच्या पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, शेवटी मुख्याध्यापक.
- कोल्हापूर महापालिकेच्या शाळा: प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी. इचलकरंजीतही २०२२ पासून महापालिका आहे, त्यामुळं जुन्या प्रबंधातला 'नगरपालिकेचा' मसुदा तसाच उतरवू नका.
- अनुदानित हायस्कूल: आधी संस्थेचे सचिव, मग मुख्याध्यापक. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांचं पत्र जोडलं तर काम सोपं होतं, पण संस्थेला डावलून ते पत्र दाखवलंत तर दार बंद.
- विमुक्त-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा: शिक्षण खात्याकडं नाही, इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडं जायचं.

आणि एक. 'सरकारी म्हणजे गरिबांची, पडकी' हे गृहीतक घरी ठेवून या. महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. 'महापालिका शाळा' असा एकच रकाना करून तिथली आणि एखाद्या वीस पटाच्या शाळेतली मुलं एकत्र मोजलीत, तर सरासरी दोन्हीकडची खोटी येईल.

२. वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

जूनच्या मध्याला शाळा भरते, पण पहिला महिना प्रवेश, पुस्तकं आणि दाखल्यांत जातो. जुलै-ऑगस्टला शिरोळ, करवीर, हातकणंगलेतल्या नदीकाठच्या गावांचा भरवसा धरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ च्या आसपास गेलं की शिक्षकांचं लक्ष तुमच्या प्रश्नावलीत राहत नाही, आणि पुढं शाळाच पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला दिली जाते. २०१९ आणि २०२१ ला तेच झालं. गगनबावडा, शाहूवाडीकडं पूर नसला तरी पावसाची झड असते. वाड्या-वस्त्यांवरची मुलं येत नाहीत आणि पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंगमध्ये फक्त पाऊस ऐकू येतो.

सप्टेंबरअखेर शिक्षक ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेले असतात. ऑक्टोबरात सत्र परीक्षा, मग दिवाळी. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, आणि तिचं वेड या जिल्ह्यात किती आहे ते सांगायला नको. त्या इयत्तांना डिसेंबरपासून जादा तास असतात, तेवढे वर्ग सोडून द्या. दहावीचा तर विचारच नको.

राहिलं काय? ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य, आणि दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे. स्नेहसंमेलनाच्या तयारीचा आठवडा निरीक्षणाला सोन्यासारखा, पण प्रश्नावलीला कुचकामी.

स्थलांतर हा तुमचा विषय असेल तर गणित उलटं. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांची मुलं तेवढेच महिने इथं असतात, तीही बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसतात. शाळेच्या यादीवरून नमुना काढलात तर ती तुमच्या अभ्यासात जन्मालाच येत नाहीत. त्यांच्यासाठी कारखान्याजवळच्या खोपटांवर जावं लागतं, तेही अंधार पडल्यावर, कारण दिवसा सगळे फडात असतात.

३. फाईलमध्ये काय हवं

- विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र. त्यात विषय, इयत्ता, शाळांची संख्या, भेटीचा काळ आणि प्रत्येक वर्गाचे नेमके किती तास लागतील ते लिहिलेलं.
- ओळखपत्राची प्रत. पीएच.डी.ला नोंदणीपत्र.
- संशोधन नीतिमत्ता समितीची मान्यता. तुमच्याकडं अशी समिती नसेल तर मार्गदर्शकांचं तसं लेखी निवेदन.
- प्रश्नावलीची पूर्ण प्रत. नमुन्याचे चार प्रश्न दाखवून परवानगी घेतली आणि वर्गात चाळीस निघाले, की विश्वास गेला तो गेला.
- पालक संमतीपत्र आणि मुलांचं होकारपत्र, दोन्ही मराठीत. उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दूत.
- पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळा बाहेरच्या माणसाबद्दल सावध झाल्या आहेत, आणि ते बरोबरच आहे. मागायच्या आधी पुढं करा.

प्रत्येक शाळेसाठी वेगळा संच करा आणि दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक-बारनिशीत (आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत) नोंद करून क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. हा शिक्का म्हणजे तुमचा विम्याचा कागद. महिन्यानं 'पत्रच आलं नाही' म्हणाले तर दाखवायला काहीतरी हवं.

४. परवानगी: कागद वरून, माणूस खालून

कार्यालयातून पत्र मिळायला चार ते आठ आठवडे धरा. तेवढ्यात शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना नुसतं भेटून या. 'वरून पत्र येईल, त्याआधी तुम्हाला सांगायला आलोय' एवढंच. वरून अचानक पत्र थडकलं की खालच्या माणसाला तो हुकूम वाटतो. मग तुमच्यासमोर वर्ग गोळा करून बसवतात, पण एकही खरं उत्तर मिळत नाही.

इथं एक भाषिक सापळा आहे. "चालतंय की, या कधीबी" हा शब्द म्हणजे परवानगी समजू नका. तो आदरातिथ्याचा भाग आहे. त्याच बैठकीत वार, तास आणि वर्ग कागदावर लिहून घ्या. लिहायची वेळ आली की "जरा संस्थेला विचारून सांगतो" असं खरं उत्तर बाहेर पडतं.

दुसरं म्हणजे पट. शिक्षकांची पदं विद्यार्थीसंख्येवर मंजूर होतात. पटावर ४२ आणि बाकांवर ३१ दिसली, आणि तुम्ही डोकी मोजत वहीत आकडे टिपू लागलात, तर तुमच्या विषयाचा पटाशी काडीचा संबंध नसला तरी चहा थंड होतो. हजेरी मोजायची असेल तर ती का, कशी, आणि कोणाला दाखवणार नाही हे आधीच सांगा.

५. संमती

तीन माणसांची: शाळेची, पालकांची, मुलाची. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. मुलाच्या होकाराचा वयाचा हिशेब भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून घ्या. ती वैद्यकीय संशोधनासाठी आहेत, पण इथंही उपयोगी पडतात: ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार, १२ ते १८ ला लेखी.

दप्तरातून पाठवलेलं संमतीपत्र डब्याच्या तेलात भिजून परत येतं, किंवा येतच नाही. आलेल्या सह्यांतल्या काही पोरांनीच ठोकलेल्या असतात. गावात सगळ्यात जास्त पालक एका जागी भेटतात ते सकाळी आणि संध्याकाळी दूध संस्थेत, किटली घेऊन रांगेत उभे असताना. तिथं पाच मिनिटांत जे समजावता येतं ते चिठ्ठीनं होत नाही. सही मात्र रांगेत मागू नका. चार लोकांसमोर 'नको' म्हणणं अवघड जातं. कागद देऊन दुसऱ्या दिवशी घ्या. इचलकरंजीत यंत्रमागाच्या पाळ्या बघून जावं लागतं, रात्रपाळीचा माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो.

'उत्तर आलं नाही म्हणजे हरकत नाही' ही पळवाट वापरू नका. जे पालक उत्तर देत नाहीत, त्यांच्याच घरी बहुधा वाचणारं कोणी नसतं.

६. नमुना: सहाशे मुलं म्हणजे सहाशे नव्हेत

हे बहुतेक प्रबंधांत चुकतं, म्हणून सावकाश वाचा. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. गाव एक, शिक्षक एक, बऱ्याचदा गल्लीही एक. म्हणून २० शाळांतून ३०-३० मुलं घेतली, तर हातात ६०० स्वतंत्र उत्तरं येत नाहीत. नमुन्याला कितीनं भागायचं त्याचं सूत्र असं: १ + (एका गटातली मुलं − १) × गटांतर्गत सहसंबंध, म्हणजे एका गटातली मुलं एकमेकांसारखी किती, ते सांगणारा ० ते १ मधला आकडा. हा सहसंबंध समजा ०.२ असेल, तर १ + २९ × ०.२ = ६.८. आता ६०० भागिले ६.८ म्हणजे जेमतेम ८८. तुमचा नमुना ८८ मुलांइतकाच बोलतो आहे.

उपाय सोपा आणि पायपिटीचा आहे: एका शाळेतली मुलं कमी करा, शाळा वाढवा. ६० शाळांतून १०-१० घेतली तर तोच हिशेब १ + ९ × ०.२ = २.८, म्हणजे २१४ होतो. पेट्रोल जास्त जाईल, पण निष्कर्षात दम येईल. जिल्ह्याचे बारा तालुके सारखे नाहीत. उसाचा शिरोळ, औद्योगिक हातकणंगले आणि डोंगरी गगनबावडा यांना एका पिशवीत घालण्याआधी थर पाडा, म्हणजे सारख्या तालुक्यांचे गट करून प्रत्येकातून वेगळा नमुना घ्या.

७. पहिला आठवडा काहीही गोळा करू नका

तुम्ही आत आलात की मुलं उभी राहून एका सुरात 'नमस्ते' म्हणणार, तुम्हाला साहेबांची खुर्ची मिळणार, परिपाठाला "विद्यापीठातून मोठे साहेब आलेत, शिस्तीत राहा" अशी ओळख करून दिली जाणार. एवढ्यावर पुढच्या महिन्याची उत्तरं नासतात. मुख्याध्यापकांना आधीच विनंती करा की ओळख 'विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी' अशीच व्हावी. नारळ आणि सत्कार हात जोडून नाकारा. खुर्ची नको, मागच्या बाकावर बसा. तिथून फळ्यापेक्षा वर्ग जास्त दिसतो.

मधल्या सुट्टीत शालेय पोषण आहाराच्या पंगतीत बसा. ताटं कोण वाटतं, पाणी कोण आणतं, कोण कोणाशेजारी बसतं, कोण डबा घरून आणतं आणि झाकण अर्धवट लावून खातं. हे कोणत्याही प्रश्नावलीत येत नाही. बैठकीचा आराखडा रोज कागदावर काढा, सहा दिवसांनी आकृतिबंध दिसायला लागतो. नोंदी वर्गात भराभर लिहू नका. चार शब्द टिपा आणि त्याच संध्याकाळी उलगडून लिहा. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं.

फोटोचं आधी बोलून ठेवा. तुम्ही गोळा केलेली माहिती गुप्त, पण शाळेनं तुमचा मुलांबरोबरचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की कोणती शाळा ते गावभर झालं.

८. प्रश्नावली भरून घेताना

शाळेतला तास ३५ मिनिटांचा. बसणं, पेन शोधणं, 'सर, याला मार्क किती?' यात आठ मिनिटं जातात. सातवीच्या वर्गाला २५ मिनिटांत २० ते २५ प्रश्न होतात, त्याहून जास्त घातले तर शेवटच्या पानावर सगळीकडं 'होय' सापडतं. पाचवी-सहावीला प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचा, कारण काही मुलं वाचू शकत नाहीत आणि ते लपवण्यात ती पटाईत असतात. पटाच्या दहा टक्के जादा पेन न्या, आणि परीक्षेची पॅडं.

शिक्षक वर्गात नकोत. ते थांबले तर मदतीच्या भावनेनं "अरे, तसं नाही, असं लिही" सुरू होतं. प्रश्नावल्या शिक्षकांकडून वाटून, भरून घेणं तर मुळीच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं त्यांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीखेरीज बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही, आणि त्या कामाला ते आधीच वैतागलेले आहेत. शिवाय 'सर मारतात का' याचं उत्तर मूल सरांच्याच हातात देणार नाही.

आधी दुसऱ्या एखाद्या शाळेत आठ-दहा मुलांवर चाचणी घ्या. 'वडिलांचा व्यवसाय' हा प्रश्न तिथंच कोसळतो. निम्मी मुलं 'शेती' लिहितात. त्यात वीस एकरांचा बागायतदार येतो, आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी करून रविवारी दहा गुंठे कसणाराही. त्याऐवजी विचारा: वडील कामाला कुठं जातात, डबा नेतात का, रात्रपाळी असते का. आईपुढं 'घरकाम' लिहिलेलं असतं. "काल आईनं दिवसभर काय काय केलं?" असं विचारलं की दोन म्हशींच्या धारा, वैरण आणि दुसऱ्याच्या रानात रोजगारानं भांगलण असं सगळं बाहेर येतं.

९. जात

वर्गात मोठ्यानं विचारायची नाही. 'शिष्यवृत्तीवाल्यांनी हात वर करा' हेही तेच. हवी असेल तर जनरल रजिस्टरमधून (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतून), लेखी परवानगीनं, आणि नाव न उतरवता सांकेतिक क्रमांकासमोर प्रवर्ग टिपून.

मोठ्यांना विचाराल तर "ही शाहूंची भूमी, इथं तसलं काही नाही" हे उत्तर ठरलेलं. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली, १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. हे खरं आहे आणि अभिमानही खरा आहे. पण अभिमानाचं वाक्य म्हणजे वर्गातल्या वागण्याची नोंद नव्हे. मताविषयी विचारू नका, कृतीविषयी विचारा: गेल्या महिन्यात कोणाकोणाच्या घरी जेवलास? वाढदिवसाला कोण आलं होतं? 'कोणाशेजारी बसायला आवडत नाही' हा प्रश्न मात्र कधीच नको. एका मुलाचं नाव पाच जणांनी लिहिलं हे सुट्टीच्या आत त्याला कळतं.

१०. मुलाखत आणि बोली

जागा अशी हवी की सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही: व्हरांड्याचं टोक, झाडाखालचा पार. बंद खोली कधीच नाही. लहान मुलांना एकेकटं बसवण्यापेक्षा दोघं-तिघं मित्र एकत्र घ्या. ती एकमेकांना खोडतात आणि त्यातच माहिती असते.

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास धरा, आणि टंकलेखकाला बजावून सांगा: बोली 'दुरुस्त' करू नका. कोल्हापूरकडं मुलीही 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. "मी पाणी भरतो, मग शाळंला येतो" हे सातवीतल्या मुलीचं वाक्य असतं. टंकलेखक एक तर त्याचं 'भरते' करतो, किंवा संकेतन करणारा (उत्तरांना खुणा देऊन गट पाडणारा) ते मुलाचं समजून 'मुलगे पाणी भरतात' असा शोध लावतो. प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर सांकेतिक क्रमांक, इयत्ता आणि मुलगा की मुलगी हे लिहाच. "काय की" म्हणजे 'माहीत नाही', त्याला होकारात घालू नका. शिरोळ-गडहिंग्लजच्या सीमाभागात घरी कानडी बोलणारी मुलं भेटतील, तिथं सोबत कानडी जाणणारं कोणी असावं.

११. भयंकर काही ऐकलंत तर

हे आधीच ठरवून ठेवायचं असतं, ऐकल्यावर नाही. मुलाला 'तू जे सांगशील ते कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. 'संशोधक आहे' ही सबब चालत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगा: "कुणी तुला त्रास देत असेल, तर तुझ्या भल्यासाठी मला ते मदत करणाऱ्यांना सांगावं लागेल." चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक सगळ्या मुलांना द्या, एकट्या त्या मुलाला दिलात तर तो उठून दिसतो. खोदून चौकशी करू नका, ते पोलिसांचं आणि समुपदेशकाचं काम. मार्गदर्शकांना त्याच दिवशी कळवा.

१२. नावं झाकताना

नाव बदललं म्हणजे झाकलं असं नाही. 'नदीकाठची, मुलींची, उर्दू माध्यमाची' एवढं लिहिलं तर तालुक्यातला कोणीही शाळा ओळखेल. तालुक्याऐवजी 'पश्चिमेकडचा डोंगरी भाग' असं लिहा, शाळेचा पट नेमका न देता गट द्या.

सगळ्यात हास्यास्पद चूक परिशिष्टात होते. प्रबंधभर 'शाळा अ', 'शाळा ब' आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची परवानगीपत्रं स्कॅन करून जोडलेली. असा प्रबंध पुढं शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढतो आणि जगभर वाचायला मोकळा होतो. ती पत्रं मार्गदर्शकांकडं ठेवा, प्रबंधात कोरा नमुना जोडा. नावं आणि सांकेतिक क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाईलमध्ये, आणि काम संपलं की नष्ट.

१३. परत जा

शाळांची एक तक्रार रास्त आहे: "आकडे घेऊन जातात, परत तोंड दाखवत नाहीत." पुढच्या संशोधकाला जो थंड चहा मिळतो तो यामुळंच. दोन पानी मराठी टिपण करा, त्यात त्या एका शाळेचे आकडे नकोत, सगळ्यांचे मिळून द्या. नाहीतर कोणता वर्ग काय बोलला याचा तपास सुरू होतो. शिक्षकांना एकदा भेटून वाचून दाखवा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बोलावलं तर जा, तिथं तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. टिपणाची प्रत कार्यालयातही द्या आणि पहिल्या पत्रासारखाच तिच्यावरही आवक क्रमांक घ्या.